कोरलसाठी टाकीत चंद्र उगवतो तेव्हा

कोरल (म्हणजे प्रवाळ, समुद्रातल्या बारीक प्राण्यांची वसाहत) वाढवायचा एक मार्ग तसा सोपा आहे. जास्वंदीची फांदी तोडून कुंडीत खोचतो ना, तसाच कोरलचा तुकडा तोडून चिकटवला की तो वाढायला लागतो, आणि अमेरिकेतल्या फ्लोरिडात समुद्राखालच्या नर्सऱ्यांमध्ये कित्येक वर्षं हेच चाललंय. पण तुकड्यातून वाढलेली सगळी एकाच जिवाची कॉपी असते, तेच जीन्स, म्हणजे एखादा रोग आला की सगळीच्या सगळी जायची भीती. वेगळ्या जीन्सची नवी पिढी हवी असेल तर अंडी आणि शुक्राणू एकत्र यायला लागतात, आणि बऱ्याच कोरलांच्या बाबतीत ते वर्षातून मोजक्या रात्रींतच होतं.

म्हणूनच आमच्या टँपाच्या फ्लोरिडा अॅक्वेरियमचं काम मला फार मोलाचं वाटतं. लोक तिथे शार्क नि पेंग्विन बघायला जातात, पण कोरलची लॅब तिकडे नाहीच, ती दक्षिणेला अपोलो बीचला आहे.

झालं काय, की २०१४ मध्ये मियामीजवळ कोरलना एक नवीन रोग लागला, स्टोनी कोरल टिश्यू लॉस डिसीज, त्यात कोरलवरचं जिवंत मांस गळून जातं आणि खाली नुसता पांढरा सांगाडा उरतो. वीसेक जातींना तो लागला आणि पिलर कोरल, म्हणजे खांबासारखं उभं वाढणारं, त्याचं तर जवळजवळ निर्वंशच झाला. त्यांच्यात नर वसाहत वेगळी, मादी वेगळी, आणि जी काही उरली ती एकमेकांपासून इतकी लांब की अंडी सोडली तरी गाठ पडायची नाही. मग रोग पोचायच्या आधीच निरोगी कोरल समुद्रातून काढून देशभरातल्या अॅक्वेरियममध्ये ठेवली, अगदी नेब्रास्कासारख्या राज्यातसुद्धा, जिथून समुद्र कुठच्या कुठे लांब!

पण टाकीतल्या कोरलला कसं कळणार की आज ती रात्र आहे? हे कोडं लंडनच्या हॉर्निमन म्युझियमच्या अॅक्वेरियममध्ये जेमी क्रॅग्ज यांनी सोडवलं. त्यांनी वर्षभराचं पाण्याचं तापमान, दिवसाची लांबी, सूर्यास्ताची वेळ, चंद्राच्या कला, सगळं कॉम्प्युटर आणि एलईडी लावून टाकीत उभं केलं. तीच पद्धत टँपात आणली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पिलर कोरलने लॅबमध्ये अंडी सोडली, अटलांटिकमधल्या कोरलकडून असं करवून घेण्यात पहिल्यांदाच यश आलं होतं.

आई इथे आली होती तेव्हा तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं पण खोटा चंद्र त्यांना चालतो?" चालतो गं आई, वेळेवर उगवून वेळेवर मावळला की झालं.

अंडी मिळाली म्हणजे काम संपलं असं नाही, खरी मेहनत त्यानंतरची. अंड्यांतून झालेल्या अळ्या चांगल्या जागी चिकटायला हव्यात, आणि चिकटल्यावर त्या इतक्या बारीक असतात की शेवाळ वाढलं तर त्याखाली गुदमरून जातात. त्यावर हॉर्निमनमध्ये छोटे समुद्री साळिंदर (सी अर्चिन, काटेरी गोळ्यासारखे जीव) सोबत सोडून बघितले, ते शेवाळ खात राहतात आणि कोरलला वाढायला जागा मिळते. कॅरिबियनमध्ये १९८३-८४ च्या साथीत लांब काट्यांचे साळिंदर ९० टक्क्यांहून जास्त मेले होते, तेव्हापासून तिथल्या कोरलवर शेवाळाचं संकट वाढलं, त्यामुळे फ्लोरिडा अॅक्वेरियम तेही वाढवतंय.

आता कुणी म्हणेल समुद्रच तापतोय तर टाकीत वाढवून उपयोग काय. प्रश्न बरोबर आहे. जुलै २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या मॅनेटी बेमध्ये पाण्याचं तापमान ३८.४ अंश नोंदलं गेलं (ती खाडी उथळ नि गढूळ आहे हे खरं, पण तरीही), आणि त्या उन्हाळ्यात नर्सऱ्यांमधली कोरल घाईघाईने काढून जमिनीवरच्या टाक्यांमध्ये आणायला लागली. कार्बन कमी केल्याशिवाय हे टिकणार नाही हे मला मान्यच आहे, पण तोपर्यंत वंश शिल्लक ठेवायला नको का? एकदा जात गेली की नंतर समुद्र थंड करून तरी काय करणार.

आणि टाकीमुळे अजून एक गोष्ट शक्य झाली. मध्य अमेरिकेतल्या होंडुरासच्या टेलाजवळ गरम पाण्यातही एल्कहॉर्न कोरल, म्हणजे शिंगांसारख्या फांद्यांची, चांगली तग धरून आहेत. तिथली काही इकडे आणून फ्लोरिडाच्या एल्कहॉर्नशी त्यांचा संकर केला आणि २०२५ च्या जुलैमध्ये ती पिल्लं मियामीजवळच्या समुद्रात लावली. अजून लहान आहेत ती. इथल्या उन्हाळ्यात त्यातली कुठली टिकतात ते दिसलं की पुढचा संकर कुणाचा कुणाशी करायचा हे ठरवता येईल.