उभ्याने वाचलेले वर्तमानपत्र

रास्ता पेठेत आमच्या चौकाच्या कोपऱ्यावर एक मोफत वाचनालय आहे. वाचनालय हा शब्द जरा मोठाच झाला. दोन उतरती लाकडी फळकुटे, त्यांवर लोखंडी पट्टीखाली अडकवलेली चार वर्तमानपत्रे, डोक्यावर पत्रा आणि कोण्या माजी नगरसेवकाच्या सौजन्याची, उन्हापावसाने फिकी पडलेली पाटी, एवढाच त्याचा संसार. बसायला काही नाही. घरी वर्तमानपत्र येत असूनही मी रोज सकाळी दुधाची पिशवी हातात घेऊन तिथे दहा मिनिटे उभा राहतो. घरी पान मनाला येईल तेव्हा उलटता येते. इथे शेजारच्याला ‘झाले का?’ असे विचारावे लागते, आणि तो क्वचितच नुसते ‘झाले’ म्हणतो. ‘झाले, पण हे सगळे आत्ताच कसे सुचले यांना?’ असे काहीतरी म्हणतो, आणि मग दूध तापवायला उशीर होतो.

युर्गन हाबरमास या जर्मन विचारवंताने १९६२ साली या उशिराचा इतिहास लिहिला, असे मी गमतीने म्हणतो. खासगी माणसे एकत्र येऊन सत्तेच्या कारभाराची चिकित्सा करू लागतात, तेव्हा घर आणि दरबार यांच्यामध्ये एक तिसरी जागा तयार होते, असे त्याचे म्हणणे. तिला मराठीत काय म्हणावे हा प्रश्नच आहे. ‘सार्वजनिक क्षेत्र’ म्हटले की डोळ्यांसमोर बँक नाहीतर पोलादाचा कारखाना येतो. आम्ही आपले कट्टा म्हणतो.

हाबरमासला ही जागा लंडनच्या कॉफीगृहांत दिसली. तिथे एका पेनीत कॉफी मिळे आणि तिच्याबरोबर वर्तमानपत्रे व वादही मिळत. दुसऱ्या चार्ल्स राजाने १६७५ च्या डिसेंबरात ही कॉफीगृहे बंद करण्याचे फर्मान काढले आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच ते मागे घेतले. त्याच्या चाळीसेक वर्षे आधी, १६३३ मध्ये, इस्तंबूलमध्ये ऑटोमन सुलतान चौथ्या मुरादने कॉफीगृहांना टाळे ठोकले होते. दोन्ही सत्ताधीशांना भीती पेयाची नव्हती, पेल्याभोवती बसणाऱ्यांची होती, यात मला शंका वाटत नाही. मात्र लंडनची अनेक कॉफीगृहे चालवणाऱ्या बायका असल्या, तरी वाद घालायला बसणारे बहुतेक पुरुषच असत, ही गोष्ट कॉफीगृहांचे गोडवे गाताना सहसा मागे राहते.

पुण्याने तर ‘सार्वजनिक’ हा शब्दच मनावर घेतला. १८७० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे बीज पर्वती देवस्थानाच्या कारभाराबद्दलच्या नाराजीत होते, हे मला फार पुणेरी वाटते. गणेश वासुदेव जोशी या सभेत इतके गुंतले, की लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणू लागले. सभासद व्हायचे तर किमान पन्नास जणांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. मताचा अधिकार नसलेल्या प्रजेने स्वतःच प्रतिनिधित्वाचा नियम घालून घ्यावा, याचे मला आजही अप्रूप वाटते. पण त्या पन्नास सह्या मिळवण्याइतकी ओळखदेख आणि अक्षरओळख कोणाकडे होती? शेतकरी आणि शूद्रातिशूद्र या सभेत कुठे आहेत, हा जोतीराव फुल्यांचा आक्षेप शब्दाच्या मुळावरच बोट ठेवणारा होता. त्यांचा सत्यशोधक समाज तीनच वर्षांनी, १८७३ मध्ये, याच शहरात उभा राहिला, म्हणजे एका गावात दोन सार्वजनिकता नांदत होत्या आणि त्यांचे एकमेकींशी फारसे जमत नव्हते.

स्वित्झर्लंडमधल्या आप्पेनझेल इनररोडेन या छोट्या प्रांतात आजही नागरिक वर्षातून एकदा चौकात जमून हात वर करून निर्णय घेतात. ऐकायला हे थेट गावच्या पारासारखे वाटते. तिथे पुरुषाने कमरेला लावलेली तलवारही त्याच्या मताधिकाराचा पुरावा मानली जाते. न्यायालयाने १९९० मध्ये भाग पाडले, तेव्हा कुठे १९९१ च्या एप्रिलमध्ये स्त्रिया त्या चौकात आल्या, आणि त्यांच्या हातात मताधिकाराचे कागदी ओळखपत्र होते.

आमच्या वाचनालयात तलवार लागत नाही, मुखत्यारपत्र लागत नाही, पेनीही लागत नाही. तरीही आठच्या सुमारास तिथे जमणारे आम्ही सातआठ जण सगळे पुरुष, बहुतेक निवृत्त, आणि एकमेकांची आडनावे पाठ असलेले. चौक झाडणाऱ्या मावशी मात्र आमच्याही आधी येऊन, झाडू काखेत धरून, पहिले पान वाचून जातात, हे मला फार उशिरा कळले. मागच्या महिन्यात पाणीकपातीची बातमी होती आणि कपात नेमकी कोणाच्या सोयीची, यावर आमचे जोरात चालले होते. मावशी कचऱ्याची ढकलगाडी घेऊन जाता जाता थांबल्या आणि म्हणाल्या, “छापलंय सकाळी सहाला, पण आमच्या वस्तीत पाणी पहाटे तीनला येतं, तेही अर्धा तास.”

आमच्यापैकी एकाने मान डोलावली. दुसऱ्याने पान उलटले. मागे संसदेची बातमी होती. चर्चा दिल्लीला गेली आणि तिच्याबरोबर मीही गेलो.