माझ्या नावाला कंस

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकते. लग्नाच्या पंगतीत, भरीत पार्टीत, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानासुद्धा विचारून झालंय: १४ वर्षांची नोकरी सोडून जगाची फेरी कशाला? घटस्फोटाचं तुम्हाला माहीत आहे, पगाराचा आकडा माझ्यापेक्षा तुम्हालाच पाठ आहे. ते सोडते.

आतापर्यंत माझं एक तयार उत्तर होतं. केळी निर्यातीच्या कागदपत्रांचं माझं काम. रावेर-यावलची केळी १३ अंशांवर गार ठेवलेल्या कंटेनरमधून न्हावा शेवाला जायची, तिथून जहाजाने आखातात. जेबेल अली, दम्माम, बंदर अब्बास ही नावं रोज टाइप केली आणि स्वतः मुंबईच्या पुढे गेले नाही. केळीला परदेश, मला जळगाव, असं म्हटलं की लोक हसायचे आणि विषय मिटायचा. उत्तर खोटं नाही. पण बंदर अब्बास बघावंसं मला एकदाही वाटलं नव्हतं आणि माझ्या तिकिटावर आखातातलं एकही गाव नाही.

पैसे कुठून आले, हा तुमचा खरा प्रश्न. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि पाटल्या. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, तोही बेसिक आणि डीएवर. नाव भारदस्त, रक्कम बेताची. म्हणून पाटल्या मोडल्या. जळगावात सोनं मोडून विमानाचं तिकीट काढणं म्हणजे काय, हे जळगावकराला समजावून सांगायला नको. सराफाने वजन करताना दोनदा विचारलं, “ताई, घरी कोणी आजारी आहे का?”

जगाच्या फेरीचं असं एकच तिकीट मिळतं. दिशा एकच धरायची, पॅसिफिक आणि अटलांटिक दोन्ही ओलांडायचे, वर्षाच्या आत निघालो त्या देशात परतायचं. माझं ठरलं होतं मुंबई, बँकॉक, टोकियो, लॉस एंजेलिस, मेक्सिको सिटी, मग युरोप आणि घर. अमेरिकेचा व्हिसा नोकरीत असतानाच झाला होता. युरोपच्या अर्जाला मात्र राजीनाम्यानंतर हात घातला. तिथे मालकाचं रजेचं पत्र लागतं. राजीनामा दिलेल्या बाईला रजा कोण देणार? आधी व्हिसा, मग राजीनामा, एवढी अक्कल नव्हती का, असं विचारू नका. नव्हती. नकाराचा छापील कागद आला. त्यातल्या ज्या कारणापुढे खूण होती त्याचा अर्थ असा, की ही बाई मुदत संपायच्या आत परत जाईल याबद्दल शंका आहे.

एजंट म्हणाला, “पुन्हा अर्ज करू. शेती आहे ना? सातबारा जोडा, इंग्रजी भाषांतर करून घेऊ. नावावर वावर असलं की माणूस परत येणार हे त्यांना पटतं.”

मी गावाला गेले. उतारा मोबाइलवरही निघतो, डिजिटल सहीचा, १५ रुपयांत. तरी गेले. का गेले, ते मी स्वतःला बरेच दिवस नीट सांगितलं नाही.

ओसरीवर भाऊ कटाईच्या मजुरांचा हिशेब करत होता. वहिनी चुलीपाशी, कळण्याची भाकरी तव्यावर. मी म्हटलं, सातबारा हवाय, व्हिसासाठी. त्याने पेन खाली ठेवलं. “कायले पाह्यजे तुले सातबारा?” मी पुन्हा सांगितलं. तो कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिला. “ताई, हिस्सा पाह्यजे असन तं तसं सांग.” वहिनीची भाकरी तव्यावर करपली, वास आला, कोणी उठलं नाही. माय आतून म्हणाली, “वावराचं नाव काढू नको, पोरी.”

त्याने कपाटातून उतारा आणला आणि माझ्यासमोर धरला. बापाच्या माघारी वारस म्हणून तीन नावं लागली होती. त्यातलं माझं कंसात, म्हणजे हक्क सोडल्यामुळे कमी केलेलं. २०११ साली दुय्यम निबंधकाकडे जाऊन मी हक्कसोडपत्रावर सही केली होती, फोटो काढला, अंगठा दिला. मुलीला मुलाइतकाच वाटा हा कायदा २००५ सालचा, म्हणजे कायदा माझ्या बाजूला असताना मीच सोडला. कोणी जबरदस्ती केली नाही. माहेर उघडं राहावं म्हणून बहिणी सोडतात, तसं. त्या दिवशी भावाने आम्हा सगळ्यांना शेवभाजी खाऊ घातली होती.

तर तुम्हाला, एजंटला, माझ्या मैत्रिणींना मी सांगत आले की मला फक्त कागद हवा होता. भावाने विचारलं त्या क्षणी मात्र मला ‘हो’ म्हणायचं होतं. व्हिसासाठी नाही. घशापर्यंत आलेलं मी गिळलं आणि म्हटलं, “नाही रे, झेरॉक्स दे.” तो दिलाही त्याने. जोडून काय करणार? कंस भाषांतरात आला असताच.

हा भाऊ वाईट आहे असं तुमच्या डोक्यात यायला लागलं असेल, तर थांबा. घटस्फोटानंतर एकही आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, अशी गेली नाही की हा मुराळी होऊन, माहेरी न्यायला येणारा भाऊ म्हणून, मोटारसायकलवर जळगावला आला नाही. वाटेत उसाच्या रसाला थांबतो. हेही खरं, तेही खरं, आणि दोन्हींचा हिशेब मला जमत नाही.

युरोप मी गाळला. पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असला की तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो, म्हणून मेक्सिकोहून इस्तंबूल आणि इस्तंबूलहून मुंबई. राजीनाम्याच्या रात्री ग्रुपवर मी टाकलं होतं, “स्वतःला शोधायला निघालेय.” ते वाचलं की आता लाज वाटते. पण डिलीट केलेलं नाही. त्या रात्रीच्या बाईला म्हणावंसं वाटतं, आधी सातबारा बघायचा होतास, मग शोधायला निघायचं होतंस. ती म्हणते, बघितला असता तर निघालीच नसतीस. तिच्यावर माझा विश्वास नाही. माझ्या म्हणण्यावर तरी कुठे आहे?

काल मायचा फोन आला. “आखाजीले कुठं राहशीन तू?” मी तक्ता बघितला. मेक्सिको. मागून भावाचा आवाज आला, “तिले सांग, तिथं मुराळी येनार नाही.”

तो हसला की नाही, हे फोनवर कळलं नाही. मीही विचारलं नाही.