टाळ वाजता ठेवला

वारीला जाण्याआधी मी बरीच दारं हिंडून आलो होतो. इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर दोनदा केलं. मौनाचा काही त्रास झाला नाही, गुडघ्यांचा झाला. एका सत्पुरुषांचा अनुग्रह घेतला, तो चार महिने टिकला. मोबाइलवर जप मोजणारं अ‍ॅप घेतलं, तर नाम राहिलं बाजूला आणि मी आकडेच वाढवत बसलो. शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळे 'कशावरून?' हा प्रश्न जिभेवरच असतो. आमचे मामा माळकरी. ते म्हणाले, "एकदा पंढरीची वाट चाल. डोळ्यांना आपोआप धारा लागतात बघ." त्या धारांसाठी मी गेलो, हे आधीच कबूल करतो.

आमची दिंडी पालखीच्या रथामागे चालणारी. दिंडीतल्या जेवणाखाण्याची भिशी भरली आणि ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीत जाऊन उभा राहिलो. पुण्याचे दोन मुक्काम बरे गेले. सासवडच्या वाटेवर मात्र एकादशीचा उपास, तीसेक किलोमीटरची चाल आणि दिवे घाट असं सगळं एकाच दिवशी अंगावर आलं. घाटाची वळणं पताकांनी भगवी झालेली. शेजारचे गृहस्थ हात वर करून रडत होते. मला तहान लागली होती आणि डाव्या टाचेला फोड आला होता. मी त्यांच्याकडे चोरून बघत होतो, पोरं परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात बघतात तसा.

गळ्यात टाळ अडकवला होता, पण ठेका काही बसेना. 'ज्ञानोबा-तुकाराम' म्हणता म्हणता मी अर्धी मात्रा मागे पडायचो. विणेकरी एकदाच मागे वळून म्हणाले, "माउली, चुकू द्या, पण थांबू नका."

परभणीकडच्या एक आजी डोक्यावर तुळस घेऊन माझ्या पुढे चालायच्या. सत्तरी ओलांडलेली, पायात झिजलेल्या स्लिपर. जेजुरीच्या पुढे पंगतीत त्या शेजारी आल्या, तेव्हा मी मनातलं बोलून टाकलं. म्हटलं, "आजी, मला काहीच होत नाही हो. सगळे रडतात."

त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "मला तरी कुठं रडू येतं? मी भांडते त्याच्याशी. एवढ्या वर्षांत एकदाबी सरळ बोलले नाही."

"मग तो काय म्हणतो?"

"तो कशाला बोलतो! कमरेवर हात ठेवून ऐकतो."

मला हसू आलं, पण मग आठवलं, ही तर जुनीच रीत आहे. जनाबाईंनी विठोबाला शिव्या घातल्या, नामदेव त्याच्यावर रुसून बसले. सावता माळी अरणचा मळा सोडून पंढरीला गेलेच नाहीत, विठ्ठलच मळ्यात आला, असं सांगतात. चोखोबांना देवळात येऊ दिलं नाही. त्यांनी ते दुःख गिळलं नाही, अभंगात रोखठोक विचारलं. लहानपणी हे सगळं ऐकलेलं असूनही मी मात्र भक्तीचा एकच नमुना समोर ठेवला होता, डोळे मिटलेला आणि गाल ओले झालेला.

नीरास्नान, लोणंद, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण यांबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय. मला सांगायचीय ती समाजआरती.

पालखी तळावर पोचली की सगळ्या दिंड्या भोवती गोलाकार उभ्या राहतात. टाळांचा कल्लोळ एवढा, की छातीत थरथर जाणवते. मग चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंच धरतो, 'होऽऽ' म्हणतो, आणि हजारो टाळ जागच्या जागी गप्प होतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिकडे जाऊन ऐकून घेतो, निवाडा होतो, मग हरवलं-सापडलं सांगतात, उद्या निघायची वेळ सांगतात, आणि त्यानंतर आरती.

फलटणच्या पुढे एका मुक्कामी पाण्याचा टँकर आमच्या राहुट्यांपर्यंत आलाच नाही. त्या संध्याकाळी चोप वर गेला, सगळा तळ शांत झाला आणि आमची दिंडी वाजवत राहिली. त्यात मीही. एवढ्या शांततेत माझा अर्धी मात्रा चुकणारा टाळ मला स्वच्छ ऐकू येत होता आणि लाज वाटत होती. चोपदार आमच्या दिशेने येऊ लागले. कोणी 'गप्प बसा' म्हणालं नाही, कोणाच्या कपाळाला आठी नाही. पाण्याचं बोलणं होईपर्यंत अख्खा सोहळा आमच्यासाठी थांबला होता. मी शंका नेहमी खिशात लपवून देवळात शिरायचो. इथे तर तक्रार करायची शिस्तच घालून दिलेली, तीही माउलींच्या पालखीसमोर आणि आरतीच्या आधी! रात्री राहुटीत झोप लागेना. रडू आलं नाही, पण टँकरपेक्षा मोठ्या बऱ्याच तक्रारी आठवल्या आणि त्या मी पहिल्यांदा विठोबाला सांगितल्या.

वाखरीहून पंढरपुरात शिरलो तेव्हा दर्शनबारी फार लांबवर गेली होती. मी आजींना म्हटलं, "तुम्हाला बारीत उभं करून देतो." त्या नामदेव पायरीपाशी थांबल्या, कळसाकडे बघून हात जोडले, ओठ पुटपुटले. चेहऱ्यावरून तरी भांडणच वाटत होतं. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "झालं. परभणीची एष्टी कुठून सुटते बघा." मीही कळसालाच नमस्कार केला.

माळ अजून घातलेली नाही. मामा विचारतात, मी 'बघू' म्हणतो. संध्याकाळी हरिपाठ म्हणतो, तोही सरळ पार पडत नाही. तिसऱ्या अभंगातल्या निर्गुणापाशी आलो की थांबून वाद घालतो. येताना पंढरपुरातून एक टाळजोड आणलाय. ठेका अजून चुकतोच. परवा हरिपाठ संपला तरी मी वाजवतच बसलो होतो, तर मुलगी स्वयंपाकघरातून ओरडली, "बाबा, तक्रार लिहून घेतली. जेवायला या."