तुम्ही विचारलेत म्हणून: डिस्क प्लेअर कोणता घ्यावा?

हवे ते सगळे इंटरनेटवर दिसत असताना घरी चित्रपट पाहायला वेगळा डिस्क प्लेअर घ्यावा का, आणि घ्यायचाच तर कोणता, असे मला अनेक जण विचारतात. माझे उत्तर असे, की प्लेअर जरूर घ्यावा, पण त्याची निवड दुकानात जाण्याआधी आपल्या कपाटासमोर उभे राहून करावी. आपल्याकडे कोणत्या तबकड्या आहेत आणि आपला टीव्ही काय दाखवू शकतो, हे पाहिले की उत्तर जवळजवळ ठरते. प्लेअरकडून मी एवढीच अपेक्षा ठेवतो, की तबकडीवर जे नोंदले आहे ते त्याने स्वतःची भर न घालता टीव्हीपर्यंत आणि स्पीकरपर्यंत पोहोचवावे.

आधी डिस्कच कशाला, या शंकेबद्दल. इंटरनेटवरून येणारे चित्र घरोघरच्या जोडणीत मावावे म्हणून बरेच दाबलेले, म्हणजे माहिती कमी करून लहान केलेले, असते. नेटफ्लिक्स ४के, म्हणजे अतिशय बारीक तपशिलाच्या, चित्रासाठी सेकंदाला १५ मेगाबिट किंवा अधिक वेगाची जोडणी सुचवते; साध्या ब्लू-रेवर, म्हणजे डीव्हीडीनंतरच्या पिढीच्या तबकडीवर, एकट्या चित्रालाच सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत वाव असतो, आणि ४के अल्ट्रा एचडी ब्लू-रेवर चित्र व ध्वनी मिळून हा आकडा १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. चित्र दाबण्याच्या पद्धती सगळीकडे सारख्या नसल्यामुळे या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही, आणि उजेडातल्या संवादाच्या साध्या दृश्यात फरक सहसा जाणवतही नाही. पण धूर, धुके, पाऊस, अंधाऱ्या खोलीतली सावली अशी दृश्ये आली की दाबलेल्या चित्रात सावलीचे पट्टे आणि चौकोन पडू लागतात, तर डिस्कवर ती सावली सावलीच राहते. शिवाय एखाद्या सेवेच्या यादीतून चित्रपट केव्हाही निघून जाऊ शकतो. कपाटातली तबकडी कोणी काढून नेत नाही. हे दुसरे कारण मला पहिल्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

डीव्हीडी १९९६ मध्ये जपानमध्ये विक्रीला आली, ब्लू-रे २००६ मध्ये आणि अल्ट्रा एचडी ब्लू-रे २०१६ मध्ये. डीव्हीडीच्या ६५० नॅनोमीटरच्या लाल लेसरऐवजी ब्लू-रेमध्ये ४०५ नॅनोमीटरचा निळसर-जांभळा लेसर आला, तरंगलांबी कमी झाल्यामुळे तबकडीवरच्या खुणा अधिक बारीक करता आल्या, आणि त्याच १२ सेंटिमीटर व्यासात एका थरावर ४.७ गिगाबाइटच्या जागी २५ गिगाबाइट मावू लागले. नव्या पिढीचा प्लेअर जुन्या पिढीच्या तबकड्या चालवतो, जुन्या प्लेअरवर मात्र नव्या तबकड्या चालत नाहीत. म्हणून कपाटात फक्त डीव्हीडी असल्या तरी नवा प्लेअर घेताना किमान ब्लू-रे चालवणारा घ्यावा.

केवळ ब्लू-रे पाहणाऱ्याने महागड्या प्लेअरच्या मागे लागू नये, असे मी आवर्जून सांगतो. तबकडीवरच्या १०८० ओळी तशाच्या तशा अंकरूपाने टीव्हीपर्यंत जात असतील, तर दोन प्लेअरच्या चित्रांत डोळ्यांना दिसेल असा फरक सहसा उरत नाही. प्लेअरचा खरा कस लागतो तो डीव्हीडीवर. डीव्हीडीचे चित्र ७२० गुणिले ५७६ किंवा ४८० बिंदूंचे (पिक्सेलचे) असते. ५७६ धरले तर ते सुमारे ४.१५ लाख बिंदू होतात, आणि ४के टीव्हीच्या पडद्यावर सुमारे ८३ लाख बिंदू असतात. म्हणजे पडद्यावरच्या दर वीस बिंदूंमागे जेमतेम एका बिंदूची माहिती तबकडीवरून येते आणि उरलेले एकोणीस गणिताने भरून काढावे लागतात. त्यातच डीव्हीडीवरचे चित्र बहुधा एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चौकटींत साठवलेले असते, आणि त्या जुळवताना चूक झाली की हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. हे काम प्लेअर चांगले करतो की टीव्ही, याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही, पण ते घरीच तपासता येते. प्लेअरचे आउटपुट एकदा ४के किंवा १०८०पी वर ठेवावे, एकदा तबकडीच्या मूळ ओळींवर ठेवावे, आणि तिरप्या कडा, जाळीदार खिडक्या किंवा सरकणारी श्रेयनामावली असलेला तोच प्रसंग दोन्ही प्रकारे पाहावा. जे नितळ दिसेल ते कायम करावे.

डीव्हीडी पाहणाऱ्यांच्या घरी दोन गोष्टी मला वारंवार चुकलेल्या आढळतात. प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा आकार ४:३ राहिलेला असेल, तर रुंद चित्रासाठी साठवलेल्या ओळींपैकी चौथा हिस्सा प्लेअर टाकून देतो. तिथे १६:९ हवे. याउलट जुना, मूळचाच ४:३ असलेला चित्रपट पडदा भरावा म्हणून ताणू नये. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले तरी चालतील, माणसे आहेत त्यापेक्षा जाड दिसणे चालणार नाही. काही डीव्हीडींवर शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो, तो मात्र प्लेअरचा दोष नसतो; सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित झालेला चित्रपट ५७६ ओळींच्या पद्धतीत २५ चौकटींनी चालवल्याचा तो परिणाम आहे.

४के प्लेअरचा विचार करणाऱ्यांना मी उलट प्रश्न विचारतो, की तुमचा टीव्ही एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा आणि रंगांचा अधिक मोठा पल्ला, नीट दाखवतो का? कारण या तबकड्यांचा मोठा लाभ बिंदूंच्या संख्येपेक्षा उजेड आणि रंगांच्या विस्तारलेल्या मर्यादेत आहे. एचडीआर नसलेल्या टीव्हीसाठी प्लेअरला ते चित्र साध्या मर्यादेत उतरवावे लागते, आणि हे काम काही प्लेअर इतके वाईट करतात की त्याच चित्रपटाची साधी ब्लू-रे अधिक चांगली दिसते. डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्याच एका प्रगत प्रकाराचेही तसेच. टीव्हीलाच ते येत नसेल, तर प्लेअरमध्ये त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. अशा तबकडीवर एचडीआर१० या साध्या प्रकारचे चित्र असतेच आणि तेच दिसेल. अनेक टीव्हींमध्ये एचडीएमआय जोडणीची पूर्ण क्षमता मेनूतून चालू करावी लागते आणि ती केली नाही तर उत्तम प्लेअरसुद्धा एचडीआर पाठवू शकत नाही. केबलला सेकंदाला १८ गिगाबिट पेलले पाहिजेत. ते पेलणाऱ्या दोन केबलींपैकी महागडीने चित्र अधिक सुंदर होत नाही, कारण केबल कमी पडली तर चित्र थोडे फिके होत नाही, सरळ ठिपके चमकतात किंवा पडदा मधूनच काळा होतो.

प्लेअर लावल्यावर २४ चौकटींचे आउटपुट चालू आहे याची खात्री करावी आणि टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी. ही सोय मधल्या चौकटी स्वतः रचून घालते, आणि चित्रपटाचा चित्रपटपणाच त्यामुळे जातो, असे माझे ठाम मत आहे.

ध्वनीबाबत पहिली खबरदारी जोडणीची. ब्लू-रेवरील डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे ध्वनी काहीही न गमावता साठवलेले असतात, पण ऑप्टिकल केबलमधून ते जाऊ शकत नाहीत. म्हणून वेगळा ॲम्प्लिफायर असेल तर प्लेअर एचडीएमआयने थेट त्यालाच जोडावा, आउटपुट बिटस्ट्रीमवर (ध्वनी न उलगडता जसाच्या तसा पाठवणे) ठेवावे आणि दुय्यम ध्वनी (मेनूचे आवाज, समालोचन) मिसळण्याची सोय बंद करावी, कारण ती चालू असेल तर अनेक प्लेअर हा मूळ ध्वनी पुढे पाठवतच नाहीत. फक्त टीव्हीच्या स्पीकरवर ऐकणाऱ्याने पीसीएम (प्लेअरनेच उलगडलेला ध्वनी) निवडावे, आणि संवाद पुटपुटल्यासारखे वाटत असतील तर तबकडीवरचा दोन वाहिन्यांचा ध्वनी लावून पाहावा.

तबकड्या परदेशातून मागवणाऱ्यांनी विभागाची खूण पाहावी, कारण तबकडी आणि प्लेअर एकाच विभागाचे असावे लागतात: डीव्हीडीचे सहा भौगोलिक विभाग आहेत, ब्लू-रेचे तीन, आणि अल्ट्रा एचडी ब्लू-रेला विभागच नाही. घरात डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स असेल, तर ४के तबकड्या त्यावर चालतात आणि वेगळ्या प्लेअरची घाई नको. प्लेस्टेशन ५ वर गाण्यांची सीडी मात्र चालत नाही.

तबकड्या कशा जपाव्यात, हे त्यांच्या रचनेवरून कळते. सीडीमध्ये माहितीचा थर वरच्या छापील बाजूला लागून असतो, डीव्हीडीमध्ये तो जाडीच्या मध्यावर असतो, आणि ब्लू-रेमध्ये खालच्या पृष्ठभागापासून केवळ ०.१ मिलिमीटर आत असतो. म्हणूनच ब्लू-रेच्या त्या बाजूला कठीण लेप दिलेला असतो. पुसताना मऊ, स्वच्छ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे, गोल फिरवू नये. माहिती सर्पिलाकार वाटेने लिहिलेली असल्यामुळे वाटेला आडवा गेलेला ओरखडा प्लेअर सहसा सावरून घेतो, पण वाटेच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग माहिती खाऊन टाकतो. तबकडीवर कागदी लेबल चिकटवू नये, कारण फिरताना तिचा तोल जातो.

शेवटी वापरलेल्या प्लेअरबद्दल, कारण हा प्रश्न आता वाढत जाणार आहे. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकी बाजारात नवे ब्लू-रे प्लेअर आणणे थांबवले, आणि चांगली यंत्रे हळूहळू जुन्या बाजारातच शोधावी लागतील. तिथे नुसते सुरू करून पाहणे पुरेसे नाही. लेसर म्हातारा होऊ लागला की बहुधा दुहेरी थराच्या तबकड्यांवर आधी अडखळतो, म्हणून लांबीचा चित्रपट असलेली अशी तबकडी सोबत न्यावी आणि थेट चित्रपटाच्या मध्यावर जाऊन दहा-पंधरा मिनिटे सलग पाहावे. वाचन आतून बाहेर जाते आणि तबकडीच्या कडेला पोहोचल्यावर, म्हणजे साधारण चित्रपटाच्या मध्यावर, दुसरा थर सुरू होतो. त्या वेळी डीव्हीडीवर चित्र क्षणभर थबकले तर ते नैसर्गिक आहे. ते गोठले, चौकोनांत फुटले किंवा आतून टकटक ऐकू आली, तर तो प्लेअर घेऊ नये.