मॅस्टोडॉनवर खातं उघडून देताना: सगळं झालं, मंजुरीत अडलं

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं मराठी साहित्य संमेलन झालं. तिथं ओळख झालेली, अहिराणीत लिहिणारी काही मंडळी पुढं मॅस्टोडॉन या सोशल मीडियावर यायला तयार झाली आणि खाती उघडून द्यायचं काम माझ्याकडे आलं. ॲप घेणं, फोटो लावणं हे चहा पिता पिता उरकलं. युजरनेम तेवढं इंग्रजी अक्षरांत घ्यावं लागतं. वर दिसणारं नाव खुशाल देवनागरीत लिहा.

अडलं ते मंजुरीत. मॅस्टोडॉन सगळं एका कंपनीच्या हातात नाही. ठिकठिकाणची माणसं आपापले सर्व्हर चालवतात आणि काही जण अर्ज वाचूनच आत घेतात. आम्ही धरलेला सर्व्हर त्यातलाच. ‘इथं का यायचंय?’ या रकान्यात आमच्या निवृत्त गुरुजींनी ‘सामील होणे’ एवढंच लिहिलं. मग ना होकार, ना नकार. गुरुजींचा सकाळीच फोन, “भाऊ, मेल उना का?” मी काय सांगणार? खोट्या खात्यांचा सुळसुळाट असतो, चाळणी लागतेच, हे मला मान्य आहे. पण सत्तरीतला माणूस हौसेनं अर्ज करतो, त्याला ‘थांबा, बघतो’ एवढं कळवायला काय हरकत होती? याचा राग मला अजून आहे.

शेवटी सर्व्हरच्या माहितीच्या पानावर चालकाचा संपर्क सापडला, तिथं सविस्तर लिहिलं, तेव्हा गुरुजींचं खातं सुरू झालं. बाकीच्यांचे अर्ज मग मी शेजारी बसूनच लिहून घेतले: ‘मी धुळे जिल्ह्यात राहतो. शेती आणि जात्यावरच्या ओव्या यांवर अहिराणीत व मराठीत लिहितो. जाहिराती टाकणार नाही.’ असं नेमकं लिहिलं की काम होतं. चालकाला मराठी येत नसेल तर हेच इंग्रजीत द्या.

आणि हो, फॉर्मला हात लावण्याआधी जीमेल उघडतंय का ते बघा. एका ताईंचं जीमेल मोबाइलवाल्यानं काढून दिलेलं, पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. खात्री करायची लिंक तिथंच जाते, बऱ्याचदा स्पॅममध्ये.

पहिल्या दिवशी पान रिकामं दिसतं, म्हणून मंडळी हिरमुसतात. इथं तुम्ही ज्यांना फॉलो कराल त्यांनी लिहिलेलं किंवा पुढं पाठवलेलंच मुख्यतः समोर येतं, तेही वेळेच्या क्रमानं. त्यामुळं आधी आपल्यातल्याच सगळ्यांना एकमेकांना फॉलो करायला लावलं. मग स्वतःची ओळख सांगणारी पोस्ट, खाली #अहिराणी आणि #खान्देश. साधारण ५०० अक्षरं मिळतात, एक ओवी अर्थासकट आरामात बसते. गुरुजींनी पहिल्याच दिवशी आईची ओवी टाकली, मला फार बरं वाटलं.

एक राहिलंच, खरं तर हे आधी करायचं: पोस्टची भाषा मराठी निवडा. ती इंग्रजीच राहिली, तर ज्यांनी फक्त मराठी निवडून ठेवलीय त्यांच्या सार्वजनिक यादीत (जिथं फॉलो न केलेल्यांच्याही पोस्ट दिसतात) तुमची पोस्ट येतच नाही.