कोल्हापूर ते गोकर्ण, आई-आण्णा आणि पोरांसकट: उरकून येऊ नका, राहून या

गोकर्णला जायचं म्हटलं की आपल्याकडं लगेच मोठी यादी निघते, गोकर्ण झालं की मुरुडेश्वर, मग उडुपी, मग शृंगेरी, जमलं तर धर्मस्थळ, आणि हे सगळं एका सुट्टीत बसवायचं. तरणी पोरं जाणार असतील तर जावा खुशाल. पण घरची म्हातारी माणसं आणि लहान पोरं बरोबर असतील तर माझं स्पष्ट मत आहे, मुक्काम गोकर्णातच टाका, दोन रात्री तरी राहा, आणि मुरुडेश्वर तिथनं जाऊन परत या. आमच्या सात सीटर गाडीत आई-आण्णा (दोघंही सत्तरीच्या पुढं), मी, बायको, दोन पोरं आणि ताई असे होतो. ताईला गाडी चांगली चालवता येते म्हणून मला मोठा आधार होता. एकट्यानं एवढं अंतर मारायचं असेल तर वाटेत कुठंतरी तासभर आडवं व्हायचं हे आधीच ठरवून ठेवा.

रस्ता दोन बाजूंनी आहे. एक आंबोली-सावंतवाडीवरनं गोव्यात उतरून कारवारमार्गे, आणि दुसरा बेळगाव-धारवाड-हुबळीवरनं यल्लापूर करत अंकोल्याला. आम्ही दुसरा घेतला, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतो. आंबोलीकडचा रस्ता बघायला सुंदर आहे यात वादच नाही, पण आमच्या धाकट्याला वळणावर उलट्या होतात आणि वर गोव्यातलं हायवेचं ट्रॅफिक. हुबळीच्या बाजूनं निम्मा रस्ता तरी सरळ हायवे मिळतो.

पहाटे पाचच्या आत कोल्हापूर सोडा. कागलपासनं पुढं सहापदरीकरणाचं काम ठिकठिकाणी चाललंय, डायव्हर्जन अचानक येतात, तेवढं अंधारात सांभाळून. पेट्रोल कर्नाटकात आपल्यापेक्षा स्वस्त असतंय हे कोल्हापूरकरांना सांगायला नको, टाकी निपाणीच्या बाजूला फुल्ल करायची. टोल मात्र बरेच आहेत, कोगनोळी, हत्तरगी, हिरेबागेवाडी, शिवाय हुबळी-धारवाड बायपासचा वेगळा, त्यामुळं फास्टॅगमध्ये पैसे भरूनच निघा. नाष्टा बेळगावच्या पुढं करा म्हणजे शहरात शिरायला लागत नाही आणि माणसं पण तोवर जागी झालेली असतात.

आम्ही कित्तूरला थांबलो, आणि तुम्हीपण थांबाच. राणी चेन्नम्माचा किल्ला हायवेपासनं जवळच आहे, १८२४ साली तिनं इंग्रजांची फौज हरवली, त्यात धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. आता वाड्याचे अवशेष आणि एक म्युझियम आहे. पोरांना मोकळं पळायला मिळालं आणि आण्णांचे पायपण सुटे झाले. गाडीतून उतरून नुसतं चहा पिण्यापेक्षा असा थांबा केव्हाही बरा.

हुबळीच्या बायपासवर जरा दमानं चालवा, बरीच वर्षं तो रस्ता अरुंद आणि अपघातांसाठी बदनाम आहे, रुंदीकरणाचं काम काढलंय. तिथनं कारवार रोडला लागलं की कलघटगी, मग यल्लापूर, आणि यल्लापूर सोडलं की जंगल सुरू होतं ते थेट अंकोल्याजवळ येईपर्यंत. अरबैल घाट याच टप्प्यात. घाट आपल्या आंब्याच्या घाटासारखा फार उभा नाही पण ट्रक आणि कंटेनर भरपूर, एकामागं एक लागलेले असतात आणि ओव्हरटेकची घाई कुणी केली की सगळेच अडकतात. यल्लापूरलाच जेवण, बाथरूम, पाणी सगळं उरकून घ्या कारण पुढं घाट उतरेपर्यंत धड सोय नाही, आणि मोबाईलची रेंजपण जाते, मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा. हा घाट रात्री करायचा नाही म्हणजे नाही.

अंकोल्यानंतर एनएच ६६ ला लागायचं आणि मादनगेरीला उजवीकडं वळायचं, तिथनं गोकर्ण दहाएक किलोमीटर. या रस्त्यावर सानिकट्ट्याची मिठागरं लागतात, पाण्याचे चौकोन आणि कडेला मिठाचे ढीग. पावसाळा सोडून गेलात तर पोरांना गाडी थांबवून दाखवा, आमच्या पोरांना मीठ असं जमिनीवर पिकतं हे खरंच वाटत नव्हतं.

गोकर्णात देवळाच्या आसपासचे रस्ते अगदी चिंचोळे आहेत, रथबीदी म्हणजे जिथं मोठे लाकडी रथ ठेवलेले असतात तो मुख्य रस्ता, तिथं गाडी घालायचा प्रयत्न करू नका. गाडी पार्किंगला लावा आणि रूम बुक करतानाच तीन गोष्टी फोनवर विचारून घ्या: देवळापासनं चालत किती मिनिटं, खालच्या मजल्यावर खोली आहे का, आणि गाडी कुठं लावायची. ओम बीचकडचे रिसॉर्ट फोटोत लई भारी दिसतात, पण पहाटे दर्शनाला जायचं तर तिथनं प्रत्येक वेळी गाडी काढायला लागते. म्हातारी माणसं असतील तर देवळाजवळची साधी खोली जास्त उपयोगाची.

आता दर्शनाचं. पोचल्या दिवशी संध्याकाळी दर्शनाला पळू नका. सगळी दमलेली असतात, त्यात रांग असली तर आईसारख्या माणसाचं लक्ष देवाकडं राहत नाही, पायाकडं जातं. संध्याकाळी नुसतं समुद्रावर जाऊन बसा आणि दर्शन दुसऱ्या दिवशी पहाटे देऊळ उघडतानाच घ्या. दुपारी देऊळ बंद असतं, त्यामुळं अकरा-बाराला येणाऱ्या गाड्यांची सगळी गर्दी बंद व्हायच्या आधी एकदम घुसते. पहाटे मात्र गावातलीच माणसं, काही यात्रेकरू, एवढंच.

पुरुषांना शर्ट-बनियन काढून धोतर किंवा लुंगी नेसूनच आत जावं लागतं, बायकांना साडी किंवा सलवार-कुर्ता. लुंगी बाहेर विकत मिळते पण घरनंच दोन पंचे टाका की पिशवीत. मोबाईल आत काढायचा नाही, खोलीवरच ठेवून गेलेलं उत्तम.

पद्धत अशी की आधी समुद्रात किंवा कोटितीर्थाच्या तळ्यावर स्नान, मग महागणपती, आणि त्यानंतर महाबळेश्वर, म्हणजे इथला मुख्य शंकर. गणपती आधी का, ते आईनं पोरांना यल्लापूरच्या जंगलातच सांगितलं होतं. रावण कैलासावरनं शंकराचं आत्मलिंग घेऊन लंकेला निघालेला, ते जमिनीवर ठेवायचं नाही अशी अट, संध्येची वेळ झाली म्हणून त्यानं एका गुराख्याच्या पोराच्या हातात दिलं, तो पोरगा म्हणजे गणपती, त्यानं तीन हाका मारल्या आणि लिंग खाली ठेवलं, ते इथंच रुतून बसलं, तोच महाबळेश्वर. रावणानं चिडून त्याच्या डोक्यात मारलं, आणि इथल्या दोन हातांच्या उभ्या गणपतीच्या डोक्यावर ती खूण दाखवतात. आमच्या थोरल्यानं ती खोच बघितली आणि तिथनं हलायलाच तयार नाही, "आजी, खरंच आहे की गं" म्हणून आईचा पदर ओढत होता. गोष्ट वाटेत सांगून ठेवा, देवळात मग पोरांना कंटाळा येत नाही.

महाबळेश्वराचं लिंग शाळीग्रामाच्या पीठाच्या आत आहे, वरनं दिसत नाही, मधल्या भोकात हात घालून नुसता माथा बोटांना लागतो. अष्टबंधाचा, म्हणजे लिंग पीठात नव्यानं घट्ट बसवायचा विधी होतो तेव्हाच लिंग नीट दर्शनाला मिळतं आणि तो साधारण ४० वर्षांनी. आमच्या वेळी गर्दी नव्हती त्यामुळं आई-आण्णांना निवांत स्पर्श करू दिला. आईनं हात बाहेर काढला आणि बराच वेळ ती काही बोललीच नाही. ह्या एका गोष्टीसाठी मी पहाटेचा एवढा आग्रह धरतोय.

शिवाजी महाराज १६६५ साली कर्नाटक किनाऱ्यावरच्या बसरूरच्या स्वारीवरनं परत येताना महाशिवरात्रीला इथं गोकर्णात थांबले होते. आण्णांना हे माहीत होतं आणि देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी पोरांना ते सांगितलं. आपल्या पोरांना हे सांगायलाच पाहिजे.

आण्णांना त्यांच्या आई-वडिलांचं पिंडदान करायचं होतं. गोकर्णात त्यासाठी लांबनं माणसं येतात. इथल्या बऱ्याच उपाध्यांना मराठी चांगलं येतं, त्यामुळं भाषेची अडचण आली नाही. फक्त रस्त्यात गाठ पडणाऱ्या पहिल्याच माणसाबरोबर जाऊ नका, जिथं उतरलाय तिथं चौकशी करा, साहित्यासकट दक्षिणा किती ते आदल्या दिवशीच बोलून घ्या आणि उपाशीपोटी बसायचं असतं म्हणून सकाळची पहिली वेळ मागा. म्हाताऱ्या माणसाला उन्हात उपाशी बसवणं बरं नाही.

समुद्राबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगतो. गावालगतचा मोठा किनारा, कुडले, ओम, सगळीकडं पाणी दिसायला शांत आणि आतनं ओढणारं. पोरांना घोट्याच्या वर पाण्यात सोडू नका, लाईफगार्ड ओरडला तर त्याचं ऐका. ओम बीचला वरपर्यंत गाडी जाते पण पुढं पायऱ्या उतरायच्या आहेत, आई-आण्णा वरनंच बघून बसले. हाफ मून आणि पॅराडाईज चालत जायचे आहेत, फॅमिलीबरोबर सोडून द्या.

मुरुडेश्वर साधारण पाऊणशे किलोमीटर, सकाळी सातला निघा. जाताना वाटेत मिरजानचा किल्ला लागतो, हायवेपासनं थोडाच आत, जांभ्या दगडाचा, गेरसोप्प्याच्या राणी चेन्नभैरादेवीचा. मिऱ्याच्या व्यापारामुळं पोर्तुगीज तिला मिऱ्याची राणी म्हणायचे. पावसाळा संपल्या संपल्या गेलात तर सगळे बुरूज हिरवेगार असतात. अर्धा तास पुरतो.

मुरुडेश्वरचा शंकर १२३ फूट, पुढचं गोपुर २० मजली, २३७ फूट, आणि त्यात लिफ्ट आहे. लिफ्टनं वर जाऊन समुद्र नक्की बघा, आण्णांना गुडघ्यामुळं किल्ले-बिल्ले जमत नाहीत पण इथं त्यांना सगळ्यात उंचावरनं बघायला मिळालं म्हणून ते खूष. मात्र दहानंतर सहलींच्या बसा येतात आणि लिफ्टची रांग लांबते. रावणाच्या त्याच गोष्टीतलं लिंगावरचं वस्त्र इथं पडलं म्हणतात, त्यामुळं पोरांना दोन्ही गावं जोडता आली. किनाऱ्यावर पाण्यात उतरू नका, डिसेंबर २०२४ मध्ये शाळेच्या सहलीतल्या चार मुली इथं बुडाल्या. दुपारच्या जेवणापर्यंत परत फिरलात तर संध्याकाळ गोकर्णात मिळते.

खाण्याचं म्हणाल तर देवळाच्या आसपास शाकाहारीच. नीर डोसा, बन्स, गोळी भजी, साधं भात-सारचं ताट, पोरांना सगळं चाललं, तिखट कमी असतं. मासे खायचे तर कुमटा-अंकोल्याच्या बाजूला हायवेवर थाळी मिळते, आम्ही दर्शन झाल्यावर परतीलाच खाल्ले. कोल्हापुरी तिखटाची सवय असलेल्यांनी चटणीची पुडी बरोबर ठेवा, आण्णांचं त्याशिवाय जेवण होत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला काळ. महाशिवरात्रीला रथ असतो, प्रचंड गर्दी, म्हाताऱ्यांना घेऊन नको. जून ते सप्टेंबर शक्यतो टाळा. जुलै २०२४ मध्ये अंकोल्याजवळ शिरूरला एनएच ६६ वर अख्खा डोंगर खाली आला, माणसं आणि ट्रक गंगावळी नदीत गेले, आणि ऑगस्टमध्ये कारवारचा काळी नदीवरचा जुना पूल पडला. पावसात जाणं भागच असेल तर निघायच्या आदल्या रात्री अंकोला आणि यल्लापूरकडच्या बातम्या बघा, घाट बंद असेल तर हुबळीतच थांबा. परतताना सकाळी आठला गोकर्ण सोडलं की घाट उजेडात होतो, धारवाडचा पेढा आणि बेळगावचा कुंदा घ्यायला वेळ मिळतो, आणि रात्रीच्या जेवणाला माणूस घरी असतो.