परतीचं तिकीट आणि बर्फातले पाच दिवस

हिवाळ्यात हिमालयात जायचं ठरलं की इंदूरच्या ग्रुपमध्ये पहिली धावपळ रिझर्व्हेशनची होते. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, डिसेंबरच्या सुट्ट्यांत उत्तराखंडकडच्या गाड्या भराभर भरतात, म्हणून जायचं आणि यायचं तिकीट एकदमच काढलं जातं. डोंगरातल्या हवेचा भरवशाचा अंदाज मात्र चार-पाच दिवसांपलीकडे मिळत नाही. परतायची तारीख दोन महिने आधी पक्की आणि बर्फ कधी पडणार ते निघायच्या आठवड्यात कळणार! हिवाळी ट्रेकमधले कितीतरी चुकीचे निर्णय इथेच जन्माला येतात. हवा बिघडलेली दिसत असते, पण परवाची गाडी गाठायची असते.

म्हणून आखणी परतीपासून करावी. चालायचे पाच दिवस असतील तर त्यावर दोन दिवस पूर्ण मोकळे ठेवून परतीचं तिकीट काढा. ते दोन दिवस लागले नाहीत तर देहरादूनला आराम करा. रजा तेवढी मिळत नसेल तर ट्रेक लहान करा, मोकळे दिवस कापू नका.

उदाहरणाला उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातली हर की दून ही दरी घेऊ. देहरादून ते सांकरी हे पायथ्याचं गाव साधारण २०० किमी, जीपने आठ ते दहा तास. सांकरीची उंची १९५० मीटरच्या आसपास, हर की दून साधारण ३५०० मीटर. सांकरीपासून तालुका नावाच्या गावापर्यंत ११-१२ किमी जीपचा रस्ता आहे, पण बर्फ पडला की तो बंद होतो आणि हे अंतर पायी कापावं लागतं. कागदावरचा कार्यक्रम पहिल्यांदा मोडतो तो इथे, चाल सुरू व्हायच्या आधीच. मोकळा दिवस नसला की लोक ती भरपाई पुढचे दोन टप्पे एका दिवसात करून काढतात.

टप्प्याचा हिशेब असा. कोरड्या वाटेवर तासाला ५ किमी, शिवाय चढाच्या दर ६०० मीटरना एक तास जादा. १२ किमी आणि ६०० मीटर चढ म्हणजे साडेतीन तास. गुडघाभर मऊ बर्फात याच्या दुप्पट धरा, म्हणजे सात. डिसेंबरअखेर तिथे सूर्य सातनंतर उगवतो, साडेपाचच्या आत मावळतो, आणि दरीत सावली त्याआधीच उतरते. सकाळी बर्फ वितळवून चहा-नाश्ता, तंबू आवरणं यात दोन तास सहज जातात. उरलं काय ते दिसतंच आहे. ताज्या बर्फात दिवसाला ७-८ किमीच्या वर टप्पा ठेवू नये, आणि रोजची मागे फिरायची वेळ आदल्या रात्री वहीत लिहावी. दुपारी १ वाजता जिथे असू तिथून परत, मग शेवटचं वळण समोर दिसत असलं तरी.

हवेसाठी मालव्यातल्या माणसाला एक ओळखीची खूण आहे: मावठा. पोष-माघात आपल्याकडे अवेळी पाऊस आणणारा पश्चिमी विक्षोभच (पश्चिमेकडून सरकत येणारी हवेची प्रणाली) तिकडे बर्फ आणतो, बहुतेक वेळा आपल्या आधी. हवामान खात्याचा उत्तराखंडचा जिल्हावार अंदाज घरून निघण्याआधीचे पाच दिवस रोज पाहा. हिमस्खलनाचे इशारे संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था तयार करते, तेही पाहा.

थंडी किती असेल? उंचीच्या दर हजार मीटरना तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. इंदूर ५५० मीटरवर, तेव्हा इथे रात्री १० अंश असतील तर नुसत्या उंचीच्या फरकाने ३५०० मीटरवर उणे ९ होतात. प्रदेश उत्तरेकडचा, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमी. उणे १० ला ताशी ३० किमी वारा असला तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखं लागतं. स्लीपिंग बॅगवर ‘कम्फर्ट’ आणि ‘लिमिट’ असे तापमानाचे दोन आकडे असतात, बघायचा तो कम्फर्ट. आणि बॅगेइतकंच महत्त्व खालच्या मॅटला: अंगाच्या भाराने बॅगेचा खालचा थर दबतो आणि ऊब जमीन खेचून घेते. बर्फावर दोन मॅट हव्यात, खाली बंद फोमची, वर हवेची. हवेची एकटी नेली आणि भोक पडलं तर ती रात्र धोक्याची जाते.

कपड्यांत सुती काहीही नको, बनियनसुद्धा. सूत घाम धरून ठेवतं आणि थांबलात की तेच ओलं कापड अंग गार करतं. अंगाला लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा थर, त्यावर फ्लीस, सगळ्यांवर वारा-पाणी अडवणारं जाकीट. जाड डाउन (पिसं भरलेलं) जाकीट चालताना घालायचं नाही, थांबलात की लगेच घालायचं. बूट घेताना दोन मोजे घालून बोटं हलतात का ते पाहा. पाय गार पडण्याचं नेहमीचं कारण घट्ट बूट हेच, कारण रक्तच पुढे जात नाही. रात्री बूट पिशवीत घालून स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवा, नाहीतर सकाळी लाकूड झालेले असतील.

स्टोव्हबद्दल जरा सविस्तर, कारण इथे चूक झाली की पाणीच मिळत नाही. स्टोव्हच्या डब्यातलं ब्युटेन हे इंधन उणे अर्ध्या अंशाखाली वायू होत नाही. साधा ब्युटेनचा डबा गारठ्यात अर्धा भरलेला असूनही ज्योत देत नाही. आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचे डबे घ्या, रात्री ते अंगाशी ठेवा, किंवा रॉकेलचा प्रेशर स्टोव्ह न्या. बर्फाचं पाणी करायला लागणारी उष्णता तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवण्याइतकी असते, तेव्हा इंधन उन्हाळ्याच्या दुपटीहून कमी नको. भांड्यात आधी थोडं पाणी घालून मग बर्फ टाका, कोरडा बर्फ तळाशी करपतो आणि पाण्याला जळका वास येतो. बाटली उलटी ठेवा: गोठणं वरून सुरू होतं, तोंड मोकळं राहतं. नळीची पाणपिशवी नेऊच नका. बंद तंबूत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवू नये, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

खाणं रोज ३५०० ते ४५०० कॅलरींचं. शेंगदाणे, तीळ, गूळ, तूप यांच्याइतकं वजनाला हलकं आणि ताकदीला भारी दुसरं काही नाही. डिंकाचे लाडू, तिळाच्या वड्या, शेव, सातूचं पीठ हे सगळं इथूनच न्या. फक्त चिक्की घरीच बारीक फोडून न्या, उणे १० ला ती दगड होते. एका खिशात खाऊ कायम हवा, बर्फात कुणी डबा उघडून बसत नाही.

दम वाढवायला इंदूरजवळचा जानापाव डोंगर उत्तम: दहा-बारा किलोची सॅक घेऊन आठवड्यातून दोनदा, निदान आठ आठवडे. पण विरळ हवेची सवय मालव्यात होत नाही, ती तिथेच होते. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डोकेदुखीसोबत मळमळ किंवा चक्कर आली तर त्या दिवशी वर जाणं बंद. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता येत नसेल, किंवा बसल्या जागी दम लागत असेल, तर त्याच घटकेला खाली, रात्र असली तरी. अ‍ॅसिटाझोलामाइड (उंचीच्या त्रासावरचं औषध) डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आधी तसं सांगा.

गारठलेला माणूस अडखळत बोलू लागतो, बोटांनी चेन लावू शकत नाही. थरथर थांबली आणि तो गप्प झाला तर सुधारणा समजू नका, ती पुढची पायरी आहे. ओले कपडे उतरवा, बॅगेत घाला, शुद्धीत असेल तर गोड गरम पाजा. दारू नाही, बधिर बोटं चोळणं नाही. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रतालच्या वाटेवर बर्फवादळात नऊ ट्रेकर दगावले, तेही उन्हाळ्यात.

हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं. फोनमधल्या कोनमापकाने उतार मोजा. नव्या बर्फानंतर निदान एक दिवस घळीच्या खालून जाऊ नका. पायाखाली ‘धप्प’ आवाज होऊन बर्फ बसला तर मागे वळा. मोकळे दोन दिवस इथेच कामी येतात: वाट पाहायला.

सॅटेलाइट फोन परवान्याशिवाय बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, आणि सांकरीच्या पुढे मोबाइलचा भरवसा नाही. म्हणून सांकरी भागातला गाइड घ्या आणि घरी एक कागद ठेवा: कुठल्या रात्री कुठे मुक्काम, गाइडचा आणि सांकरीतल्या मुक्कामाचा नंबर, बरोबरच्यांची नावं, रक्तगट. इंदूरहून ११२ लावला तर तो मध्य प्रदेशात लागतो, म्हणून उत्तरकाशीच्या जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबरही त्यावर लिहा. शेवटी तारीख आणि वेळ, जिच्यानंतर फोन आला नाही तर घरच्यांनी तो नंबर फिरवायचा. ती तारीख मोकळे दिवस धरून घाला, आणि आई-बाबांना समोर बसून वाचून दाखवा.